घराची दुसरी किल्ली

ताई,

आम्ही लंडनच्या हॅरो भागात राहतो. नवरा, मी आणि सात वर्षांची लेक. दोन बेडरूमचा भाड्याचा फ्लॅट, दोघांच्याही नोकऱ्या. यंदा मे ते सप्टेंबर आमच्याकडे अकरा पाहुणे येऊन गेले. सासूबाई-सासरे तीन महिने होते. ते असतानाच मावसदीर, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं सोळा दिवस राहिली; मधेच चार दिवस पॅरिसला गेली, तेव्हा त्यांच्या बॅगा आमच्या हॉलमध्येच. मग माझी मैत्रीण, तिचा नवरा आणि मुलगा. शेवटी क्रिकेट बघायला आलेले नवऱ्याचे दोन मित्र. पाहुण्यांना फिरवण्यात माझी चौदा दिवसांची रजा गेली. कुणी मदतीला उठलं तर मीच हाताला धरून बसवते. चार दिवस आलेल्या माणसाला काय कामाला लावायचं! आणि एवढं करून सासूबाईंनी पुण्याला गेल्यावर नणंदेला सांगितलं, “सूनबाई सारखी लॅपटॉपसमोर, दोन शब्द बोलायला वेळ नाही.” ऐकून रडूच आलं. आता थोरल्या दिरांच्या साहेबांची मुलगी जानेवारीत शिकायला येते आहे, ‘खोली मिळेपर्यंत’ आमच्याकडे राहील म्हणे. नवरा म्हणतो, नाही कसं म्हणायचं? पुढच्या मे महिन्यात सासूबाई-सासरे पुन्हा येणार आहेत. मी माणूसघाणी झाले आहे का?

— हॅरोची धर्मशाळा

अगं धर्मशाळे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुझी कीव आली. दुसऱ्यांदा एका वाक्यापाशी अडले: ‘कुणी मदतीला उठलं तर मीच हाताला धरून बसवते.’ हॉलमधल्या बॅगा, साहेबांची मुलगी, सासूबाईंचं ते बोलणं, या सगळ्याची गाठ मला त्या वाक्यात दिसते.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माणूसघाणं माणूस अकरा जणांना पोळ्या लाटून घालत नाही. तू दमली आहेस, एवढंच.

आपण सगळेच म्हणतो, आजीच्या काळी घरात पंचवीस पानं उठायची. पण आजीच्या हाताखाली किती जणी होत्या, ते कुणी मोजत नाही. पाहुणे वाढले की शेजारच्या बिऱ्हाडात दोन गाद्या पडायच्या. भांड्यांना बाई होती. आलेल्या मावश्या-आत्या चहा पिऊन झाला की पदर खोचून मटार सोलायला बसायच्या आणि खऱ्या गप्पा त्या मटारांभोवतीच व्हायच्या. पाहुण्यांना गाव दाखवायला कुणी रजा काढत नसे. घरातला एखादा रिकामटेकडा भाचा त्यांना सारसबाग आणि पर्वती फिरवून आणायचा. म्हणजे पाहुणचार आजीच्या नावावर असला तरी तो अख्खा वाडा करत होता. तू तो वाड्याचा पाहुणचार दोन खोल्यांत आणलास, आणि वाड्यातली सगळी माणसं मात्र एकटीच झालीस. आजी तूच, बाई तूच, भाचाही तूच. वर दिवसभर ऑफिस.

तुझ्या जाऊबाई ताट सिंकमध्ये ठेवून उठल्या असतील, तर तो तोरा नव्हे, सवय आहे. त्यांच्या घरी सकाळी नऊला बाई येते आणि ते ताट नाहीसं होतं. तुझ्याकडे ते रात्री अकरा वाजता तू घासतेस हे त्यांना दिसत नाही, कारण तू त्या झोपल्यावर घासतेस. बरोबर ना?

मला कसं कळलं? मी लंडनला अकरा वर्षं काढली, त्यातली सात साउथ हॅरोत. पहिल्या उन्हाळ्यात माझी आत्या आली. तिला मी हीथ्रोवरून टॅक्सीने आणलं, गरम जेवायला वाढलं, स्वतःची खोली दिली. एकच गोष्ट सांगितली नाही, की इथल्या बाथरूममध्ये मोरी नसते. टबाबाहेर सांडलेलं पाणी जायला जमिनीत जाळीच नाही. आत्याने बादली घेतली, टबाबाहेर बसून रीतसर अंघोळ केली आणि ते पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या छतातून ठिबकायला लागलं. शेजारीण पायजम्यात वर आली. पुढे घरमालकाने अनामत रकमेतून छताच्या रंगाचे पैसे कापले. पैशांचं काही नाही. पण आत्या पुढचे आठ दिवस बाथरूमला जायलासुद्धा बिचकत होती. चूक माझी होती. पाहुण्याला घराचे नियम सांगणं मला उद्धटपणाचं वाटत होतं.

तेव्हापासून मी पहिल्याच संध्याकाळी, चहा झाला की, घर दाखवायचे. बाथरूमचा दिवा दोरी ओढून लागतो. अंघोळ टबात उभं राहून, पडदा टबाच्या आत घेऊन. संडासात तांब्या ठेवला आहे. मोहरी टाकायच्या आधी गॅसवरचा पंखा लावायचा, नाहीतर धुराचा अलार्म बोंबलतो, उदबत्तीलाही बोंबलतो. पुनर्वापराचा कचरा वेगळ्या डब्यात. आणि सगळ्यात शेवटी हातात दोन वस्तू: घराची दुसरी किल्ली आणि बस-ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, भाड्याचं ऑयस्टर कार्ड. किल्ली दिली की माणसाचं बसणं-उठणं बदलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्याच्याकडे किल्ली नाही तो तू येईपर्यंत सोफ्यावर बसून राहतो. ज्याच्याकडे ती आहे तो दूध संपलं तर घेऊन येतो.

आता ते मावसदीर. लोक यायचं कधी ठरवतात माहीत आहे? आपण पुण्याला जातो, निघताना उंबऱ्यावर म्हणतो, “एकदा या ना आमच्याकडे!” आपल्या दृष्टीने ते ‘बरं, येते’ इतकंच असतं. समोरचा त्यावर विमानाची तिकिटं काढतो आणि ‘किती दिवस’ हा प्रश्न कुणीच विचारत नाही, कारण तो विचारणं वाईट दिसतं. म्हणून तो प्रश्न येण्याआधीच उत्तर द्यायचं, आणि तिकीट काढायच्या आधी द्यायचं. असं काहीतरी:

“दादा, येताय ते फार छान. आमच्याकडे शुक्रवार १२ ते बुधवार १७ राहा. शनिवार-रविवार आम्ही दोघं पूर्ण तुमच्याबरोबर. बाकीचे दिवस आम्ही ऑफिसला, किल्ली तुमच्याकडे. सकाळचा चहा-नाश्ता तुमचा तुम्ही करून घ्या, रात्रीचं जेवण सगळे मिळून करू. बुधवारनंतर हॉटेल बघायचं असेल तर जवळची नावं पाठवतो.”

बघ, यात ‘नाही’ कुठेच नाही. आणि हा फोन तू करायचा नाहीस. मावसभाऊ त्याचा आहे. तुझ्या अख्ख्या पत्रात नवरा एकदाच बोलतो, ‘नाही कसं म्हणायचं?’ एवढंच. त्याला म्हणावं, कसं म्हणायचं ते ताईने लिहून दिलं आहे, फक्त वाचून दाखव. हॉटेलचं सांगताना एक लक्षात ठेवा: वेम्बली स्टेडियमवर मैफल किंवा मोठी मॅच असली की त्या भागातल्या खोल्यांचे दर भडकतात, त्यामुळे तारखा आधी बघून घ्या.

रजेचा हिशेब मात्र तू मांडायलाच हवा. तिथल्या कायद्याने पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याला वर्षाला किमान २८ दिवस रजा. मालकाने त्यातच आठ बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्ट्या) धरले तर हातात वीस उरतात. त्यातले चौदा तू मादाम तुसाँच्या रांगेत घालवलेस. आणि लेकीच्या शाळेला प्रत्येक सत्रात मध्यावर आठवडाभर सुट्टी, उन्हाळ्यात सहा आठवडे. त्या सुट्ट्यांत तिच्याजवळ कोण होतं? उत्तर मला नको, नवऱ्याशी बोलताना समोर ठेव.

शिवाय लंडन दाखवायला तू लागत नाहीस. हॅरो-ऑन-द-हिलवरून मेट्रोपॉलिटन लाइन थेट बेकर स्ट्रीटला नेते, वाटेत गाडी बदलायची गरज नाही. प्रत्येकाचं कार्ड वेगळं, आणि आत जाताना टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं, हे दोनदा बजावून सांग. नवऱ्याचं कार्ड आत आणि बायकोचं बाहेर, या गोंधळात पाहुण्यांचे पौंड उडतात. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांबरोबर ट्यूबमध्ये फुकट. बसमध्ये एकदा भाडं दिलं की तासाभरात दुसऱ्या-तिसऱ्या बसला पुन्हा पडत नाही. ज्येष्ठ नागरिकांची सवलत कुणी विचारली तर साठीनंतरचा तो पास फक्त लंडनच्या रहिवाशांना मिळतो, हे आधीच सांग. नाहीतर एखादे काका स्टेशनवर आधार कार्ड काढून उभे राहतात. (एक काका खरंच राहिले होते.)

साउथ केन्सिंग्टनला तीन मोठी संग्रहालयं एकमेकांना लागून आहेत, तिन्हींना तिकीट नाही. ब्रिटिश म्युझियमलाही नाही, तिथे अमरावतीच्या स्तूपाचे संगमरवरासारखे दिसणारे शिल्पपट आहेत आणि ते बघायला आपल्यातलं फारसं कुणी जात नाही. सगळ्यांना कोहिनूर हवा असतो. तो टॉवर ऑफ लंडनमध्ये, तिकीट माणशी तीस पौंडांच्या वर. आणि वाघनखं बघायला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला निघालेल्या पाहुण्यांना सांग, ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात गेली, आधी साताऱ्याला. महाराष्ट्रात गेलेली वाघनखं बघायला लंडनला येतात, काय म्हणावं!

माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी एक जागा मात्र हट्टाने सांगायचे: चॉक फार्म स्टेशनपासून चालत जाता येईल असं १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकताना बाबासाहेब आंबेडकर या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घेतलं आणि तिथे स्मारक केलं. माझ्या पाहुण्यांपैकी जे जे गेले, ते परतल्यावर त्या रात्री खरेदीबद्दल बोलले नाहीत.

आता सासूबाई. इथे मी तुझ्या बाजूने बोलणार नाही, थोडं ऐकून घे.

‘दोन शब्द बोलायला वेळ नाही’ या वाक्यात तुला टोमणा ऐकू आला. मला त्यात तीन महिन्यांचा एकटेपणा ऐकू आला. ज्या बाईने चाळीस वर्षं स्वतःचं स्वयंपाकघर चालवलं, तिला तू नव्वद दिवस सोफ्यावर बसवलंस. प्रेमाने बसवलंस, पण बसवलंसच. तुम्ही दोघं आठला घर सोडता, किंवा घरातच कानाला हेडफोन लावून बसता. पुण्यात त्यांना भाजीवाली आहे, भिशी आहे, जिन्यात थांबून बोलणारी समोरची बाई आहे. हॅरोत दाराबाहेर शांतता. जूनमध्ये तर सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो. शुभंकरोती कधी म्हणायची, दिवा कधी लावायचा, इथपासून त्यांचा दिवस विस्कटलेला. लंडन बघायला चार दिवस पुरतात. त्या आल्या होत्या मुलाचा संसार बघायला, आणि त्या संसारात त्यांच्या हाताला तू काहीच ठेवलं नाहीस.

त्यामुळे मे महिन्यात त्यांना पाहुणी म्हणून बोलावू नकोस. आठवड्यातले दोन दिवस रात्रीचा स्वयंपाक त्यांचा, त्यात तू डोकावायचंदेखील नाही. मिठाचा डबा जागेवर सापडला नाही तरी चालेल. लेकीचं मराठी वाचन त्यांच्याकडे दे, रोज झोपायच्या आधी. आणि संध्याकाळी साडेपाचला लॅपटॉप बंद करून अर्धा तास चहा. अर्धाच तास, पण फोन दुसऱ्या खोलीत. तीन महिने सतत अपराधी वाटून घेण्यापेक्षा हा अर्धा तास स्वस्त पडतो.

सासऱ्यांना कार्ड दे आणि १८३ नंबरच्या बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसव. पिनरहून निघून हॅरो, केंटन, किंग्जबरी करत ती गोल्डर्स ग्रीनला जाते; परत येणारी बसही तीच, चुकायचा प्रश्न नाही. जवळच टेकडीवर हॅरो स्कूल आहे, नेहरू १९०५ ते १९०७ तिथे शिकले. हेडस्टोन मॅनर म्हणून १३१० सालचं घर आहे, भोवती पाण्याने भरलेला खंदक, प्रवेश फुकट, बसायला बाकं. आठवड्यातून दोन वेळा लेकीला शाळेतून आणायचं काम त्यांना दे. फक्त शाळेला आधी लेखी कळव, नाहीतर बाई मुलीला त्यांच्या हाती सोडणार नाहीत. आणि डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं. कार्यक्रम बघून त्यांना घेऊन जा. पहिल्या वेळी त्यांना पोचवून तू परत निघ. तू बरोबर बसलीस तर ते तुझ्याशीच बोलतील.

मुक्कामही कमी कर. पाहुण्यांच्या व्हिसावर एका खेपेला सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, म्हणजे राहायलाच हवं असं नाही. पहिल्या वेळी तीन महिने झाले, या वेळी सहा-सात आठवडे ठरवा. हे मुलाने आईशी बोलायचं, तेही तिकिटाआधी. त्या काळात दुसरं कुणीही नाही, हा नियम कर. सासूबाईंना मुलगा-सून हवेत, भाच्याची सोळा दिवसांची सहल नको होती. त्यांनाही विचारून बघ, खासगीत हेच म्हणतील.

एक कंटाळवाणी पण महत्त्वाची गोष्ट. सत्तरीच्या माणसांचा प्रवास विमा रक्तदाब, साखर, जुनी अँजिओप्लास्टी सगळं खरं लिहूनच काढायचा. इमर्जन्सी विभागात तपासायचे पैसे घेत नाहीत, पण तिथून रुग्णालयात दाखल केलं की बिल सुरू होतं, आणि परदेशी पाहुण्याला सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते. औषधं पूर्ण मुक्कामाची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत.

राहिली साहेबांची मुलगी. ही येणार नाही. विषय संपला.

अगं, खरंच संपला. साहेब दिरांचे आहेत, बढती दिरांची आहे आणि गादी तुझ्या हॉलमध्ये पडणार आहे. पुन्हा ‘खोली मिळेपर्यंत’ ही काही तारीख नव्हे. लंडनमध्ये घरभाडं वाचत असेल तर खोली लवकर मिळत नाही. तुमचं घरही भाड्याचं आहे, जास्तीचं माणूस महिनोन्‌महिने ठेवायला करारात मुभा आहे का तेही बघावं लागेल. पण हे कारण म्हणून सांगू नकोस. कारण दिलंस की समोरचा त्यावर तोडगा काढतो. लेकीची खोली लहान आहे म्हण, ‘ती हॉलमध्ये झोपेल हो, साधी आहे’ असं उत्तर येईल. तेव्हा कारणाशिवाय, गोड शब्दांत, एवढंच: “दादा, आमच्याकडे राहायचं जमणार नाही. तिला म्हणावं, विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी आत्ताच अर्ज कर. आल्यावर पहिल्या रविवारी आमच्याकडे जेवायला ये.” आणि तो रविवार मनापासून कर. परक्या गावात पहिल्या रविवारी वरण-भात मिळाला तर ती मुलगी तो आयुष्यभर विसरायची नाही, आणि तुला त्यासाठी गादी घालावी लागणार नाही.

दीर चार दिवस फुगतील. फुगू देत. हा निरोपही नवऱ्यानेच द्यायचा आहे, हे वेगळं सांगायला नको.

तुझी,
ताई

ता. क. सासूबाईंना आत्ताच सांगून ठेव, येताना साजूक तूप आणि पेढे बांधून आणायचे नाहीत. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे नेता येत नाहीत. विमानतळावर काढून घेतले की त्यांना फार लागेल, तुपाचं तर जास्तच. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी आणायला सांग. भाजणी जरा जास्त. आणि पहिल्या शनिवारी थालीपीठं त्यांनाच लावू दे, तू टेबलाशी बसून खा.